दाराच्या पोटात काय आहे?

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलं की पहिल्याच नोव्हेंबरात एक गोष्ट ध्यानात येते. घरातली सर्वांत गार जागा म्हणजे मुख्य दाराच्या आतला अरुंद बोळ. रेडिएटर तापलेला असतो, भिंतीही फार थंड नसतात, तरी घोट्याला वारा लागत राहतो. खालच्या फटीतून, लेटरबॉक्सच्या सैल झडपेतून, वर्षानुवर्षांच्या पावसाने वाकलेल्या कडेतून बाहेरची हवा घरात येत असते. स्लाउ, रेडिंग, हाउन्स्लो अशा ठिकाणी घरं घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या खर्चाच्या यादीत बॉयलर आणि छपरापाठोपाठ ‘नवं दार’ येतं ते यामुळे. आणि दार बघायला दुकानात गेलं की आज बहुतेक ठिकाणी कॉम्पोझिट दारच समोर ठेवलं जातं.

कॉम्पोझिट म्हणजे दोन-तीन वेगवेगळे पदार्थ एकत्र आणून केलेलं दार. बाहेरून आणि आतून पातळ, टणक आवरण, मधे गाभा, आणि चारही कडांना लाकडाच्या किंवा तशाच मजबूत पट्ट्या, ज्यांत कुलूप आणि बिजागऱ्या बसतात. आवरण बहुधा काचेचे तंतू मिसळलेल्या प्लॅस्टिकचं, म्हणजे ज्याला तिथे जीआरपी म्हणतात त्याचं असतं. ते तापलेल्या साच्यात दाबून काढतात आणि साच्यातच लाकडाच्या रेषा कोरलेल्या असतात, त्यामुळे हात फिरवला तरी ओकचा खरखरीतपणा जाणवतो. असं दार बसवण्याच्या मजुरीसकट साधारण हजार ते अडीच हजार पौंडांना पडतं. नावाजलेल्या कंपनीचं, बाजूला काचा असलेलं त्याहून महाग. एवढी रक्कम मोजताना लोक दोन संध्याकाळी रंग निवडण्यात घालवतात आणि दाराच्या पोटात काय आहे हा प्रश्न दोन मिनिटांत उरकतात. हे प्रकरण त्या पोटाविषयी आणि त्या दाराच्या कडेविषयी आहे, कारण पुढची वीस वर्षं दार कसं वागणार हे तिथे ठरतं.

दाराच्या बाहेरच्या रूपाला एवढं महत्त्व का, तेही समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश शहरांतली घरं एकमेकांना चिकटून, एका ओळीत, एकाच विटेची. बाहेरून आपलं घर वेगळं दिसायला जागा उरते ती दाराची. अठराव्या शतकात लंडनमध्ये जे सहा चौकटींचं दार आणि त्यावरची अर्धगोल काच रुळली, तीच धाटणी आजचे कारखानेही विकतात. ती काच बोळात उजेड यावा म्हणून असे, शोभा नंतरची. त्याही काळात दाराभोवती सगळं अस्सल नव्हतं. १७७५ ते १७८३ या काळात उभ्या राहिलेल्या बेडफर्ड स्क्वेअरमधल्या दारांच्या कमानींवर जे दाढीवाले चेहरे दिसतात, ते कोरीव दगडाचे वाटतात, पण आहेत भट्टीत भाजलेले. एलिनॉर कोड या बाईंनी १७६९ पासून लँबेथमध्ये चालवलेल्या कारखान्यात चिकणमाती, दळलेली गारगोटी, वाळू आणि काचेचा चुरा एकत्र करून हा कृत्रिम दगड तयार होत असे. लंडनच्या धुराला आणि पावसाला तो खऱ्या दगडापेक्षा चांगला पुरून उरला. मिश्र पदार्थ म्हणजे दुय्यम, ही समजूत निदान दारापुरती तरी टिकत नाही.

डाउनिंग स्ट्रीटवरचं दहा नंबरचं काळं दार तर सगळ्या जगाने पाहिलेलं आहे. मूळचं ते ओकचं. फेब्रुवारी १९९१ मध्ये आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने तिथे तोफगोळे डागल्यावर त्या जागी स्फोट सोसणारं पोलादी दार आलं. चौकटी, काळा रंग, सिंहाच्या तोंडाची कडी, सगळं होतं तसं राहिलं, पोट बदललं.

सामान्य घरांच्या दारांचा कायापालट त्याआधीच सुरू झाला होता. १९८० च्या हाउसिंग अॅक्टने नगरपालिकांच्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांना ती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. घर नावावर झालं की अनेकांनी सर्वांत आधी पालिकेच्या एकसारख्या रंगाचं दार काढलं आणि स्वतःच्या पसंतीचं लावलं. रस्त्यावरून जाताना कोणतं घर मालकीचं झालंय ते दारावरून ओळखता येई. त्यातली बरीच दारं यूपीव्हीसीची होती, म्हणजे प्लॅस्टिकच्या पोकळ चौकटीत २८ मिलिमीटरची भरणी. ती स्वस्त होती, रंग मागत नव्हती, पण पाच-सात वर्षांत बिजागरीवर झुकायची आणि कुलूप लावताना दार वर उचलावं लागायचं. कॉम्पोझिटची जाहिरात या उणिवेवर उभी राहिली. अख्खी फळी, ४४ ते ४८ मिलिमीटर जाड, लाकडासारखी दिसणारी.

आता पोटाकडे वळू. दुकानात दाराचा कापलेला कोपरा मागून बघावा. चांगला विक्रेता तो आनंदाने देतो, कारण त्याला दाखवण्यासारखं काही असतं. कोपऱ्यात बाहेरचं आवरण जेमतेम दोन मिलिमीटरचं दिसेल. आत एकतर पिवळसर, नखाने दाबलं तर किंचित दबणारा पॉलियुरेथेनचा फोम असेल, नाहीतर एकमेकांना चिकटवलेल्या लाकडाच्या पट्ट्या. हेच दोन मोठे पंथ. स्टोक-ऑन-ट्रेंटची सॉलिडॉर आणि लिंकनशरमधल्या ब्रिगची एन्ड्युरन्स यांचं नाव झालं ते ४८ मिलिमीटरच्या भरीव लाकडी गाभ्यामुळे. लँकशरची रॉकडोर फोमवाल्यांच्या बाजूची. दोन्ही बाजूंचे विक्रेते आपलंच बरोबर असं छातीठोकपणे सांगतात, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. प्रश्न आपल्या घराला काय हवंय हा असतो.

उष्णतेच्या बाबतीत फोम स्पष्टपणे पुढे आहे. तेवढ्याच जाडीच्या लाकडातून जेवढी उष्णता निसटते, तिचा पाचवा-सहावा हिस्साच फोममधून जातो. हे मोजायचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू: आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता बाहेर जाते तो आकडा. तो जितका लहान तितकं बरं. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून जुन्या घरात बसवायच्या नव्या दारासाठी ही मर्यादा १.८ वरून १.४ वर आली. फोमच्या दाराला ती सहज गाठता येते; लाकडी गाभ्याला त्यासाठी जास्त खटपट करावी लागते. मात्र कागदावर दिलेला आकडा फळीचा आहे की चौकट आणि काचेसकट अख्ख्या दाराचा, हे विचारलंच पाहिजे. नुसत्या फळीचा आकडा नेहमीच देखणा असतो.

आणि या आकड्याने हुरळूनही जाऊ नये. साधा हिशेब करून पाहा. दार दोन चौरस मीटरचं धरू, आत वीस अंश आणि बाहेर शून्य. जुन्या लाकडी दाराची यू-व्हॅल्यू ३ असेल तर त्यातून १२० वॉट जातात, १.४ च्या दारातून ५६. वाचले ६४ वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका दिव्याइतके. गॅसचं बिल यामुळे निम्मं होत नाही, तसं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. बोळात जो ऊबदारपणा जाणवतो तो मुख्यतः फटी बंद झाल्याचा असतो. म्हणून यू-व्हॅल्यूच्या दुसऱ्या दशांश स्थळासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा दाराभोवतीची रबरी पट्टी कशी आहे, ती कोपऱ्यात सलग आहे की तुटलेली, आणि लेटरबॉक्सला आत-बाहेर दोन्हीकडे घट्ट झडप आहे का, हे बघणं मला जास्त मोलाचं वाटतं.

लाकडी गाभ्याची ताकद त्याच्या वजनात आहे. वजनामुळे आवाज अडतो. ज्यांचं दार थेट फुटपाथवर उघडतं, समोरून डबलडेकर बस जाते, त्यांना हा फरक रोज कानांनी कळेल. दार लोटलं की भरीव आवाज येतो, आणि हाताला जो भरवसा वाटतो तो खोटा नसतो. पण लाकूड ओल धरतं. लेटरबॉक्ससाठी, कडीसाठी, डोकावण्याच्या भिंगासाठी जिथे जिथे आवरण कापलं जातं, तिथे तिथे पाण्याला वाट मिळते. कारखान्यात कापून, कडा बंद करून आलेलं छिद्र आणि बसवणाऱ्याने दारात उभं राहून ड्रिलने पाडलेलं छिद्र यांत म्हणूनच मोठं अंतर आहे. तोरणासाठी दाराला खिळा मारायचा मोह होतो, तो आवरावा. त्या खिळ्यावर बोट ठेवून कंपनी हमी नाकारू शकते. चौकटीच्या वर भिंतीत आकडे बसवले की दिवाळीचं आणि पाडव्याचं तोरण दाराला धक्का न लावता राहतं.

उन्हाचा मुद्दा इंग्लंडच्या संदर्भात अनेकांना पटत नाही, पण तक्रारींचं ते मोठं कारण आहे. गडद करडा रंग गेली कित्येक वर्षं तिथे लोकप्रिय आहे. दक्षिणेकडे तोंड असलेलं असं दार जुलैच्या दुपारी बाहेरून ६० अंशांच्या वर तापू शकतं. आतली बाजू मात्र वीस-बावीस अंशांवरच असते. बाहेरचं आवरण प्रसरण पावतं, आतलं पावत नाही, आणि गाभा फोमचा असेल तर उष्णता आत पोचून दोन्ही बाजू सारख्या होण्याचीही सोय नाही. मग तव्यावरच्या पापडासारखी फळीला पोक येते. मधला भाग बाहेर सरकतो, वरचा-खालचा कोपरा आत येतो, आणि कुलपाचे आकडे आपापल्या खाचांत बसेनासे होतात. संध्याकाळी दार निवलं की सरळ होतं. मेकॅनिकला फोन करावा तर तो सकाळी येतो आणि दार अगदी व्यवस्थित चालतं. दक्षिण किंवा पश्चिमेचं तोंड असेल आणि उन्हाला अडवणारं झाड किंवा पडवी नसेल, तर फिकट रंग घ्यावा. गडदच हवा असेल तर त्या रंगासाठी, त्या दिशेसाठी हमी लागू आहे का, हे लेखी विचारावं. आणि अशा दाराच्या बाहेर काचेचं दुसरं दार लावून छोटं काचघर करू नये; मधली हवा कोंडून ताप आणखी वाढतो.

आता कुलूप. माझ्या मते सगळ्या निवडीत सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं हेच आहे, आणि नेमकं इथेच पाच-पन्नास पौंड वाचवले जातात. कॉम्पोझिट दाराचं कुलूप कडेने वरपासून खालपर्यंत पसरलेलं असतं. हँडल वर उचललं की तीन-चार ठिकाणी आकडे चौकटीत शिरतात आणि किल्ली फिरवली की ते तिथे अडकतात. दिसायला अभेद्य. पण हे सगळे आकडे ज्या एका भागाच्या हुकमतीत असतात तो म्हणजे किल्लीचा सिलिंडर, एक बोटभर लांबीचा पितळी तुकडा, जो दाराच्या आरपार बसतो. त्याच्या मधोमध आकडे फिरवणारं दाताळं असतं, त्यासाठी धातू खाली कापलेला. आणि तिथेच त्याला जागेवर धरणाऱ्या स्क्रूसाठी भोक. म्हणजे ज्या जागी ताकद हवी त्याच जागी धातू सर्वांत कमी. सिलिंडरचं टोक हँडलच्या बाहेर आलेलं असेल तर चोर ते पकडीत धरतो, हिसका देतो आणि सिलिंडर त्या भोकापाशी तुटतो. पुढे दाताळं फिरवायला साधं हत्यार पुरतं. सारं काही एखाद-दोन मिनिटांत. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरमध्ये, या पद्धतीच्या घरफोड्यांनी पोलिसांना भंडावून सोडलं होतं.

त्यावरचा उपाय हुशारीचा आहे. नव्या सिलिंडरच्या पुढच्या भागावर मुद्दाम एक खाच पाडलेली असते. हिसका बसला की पुढचा तुकडा त्या खाचेपाशी तुटून चोराच्या हातात येतो, आणि उरलेला भाग आत शाबूत, पकडीत न सापडणारा राहतो. असे सिलिंडर टीएस ००७ या मानकानुसार तारांकित असतात. तीन तारे हवेत: एकतर सिलिंडरच तीन ताऱ्यांचा, नाहीतर एक ताऱ्याचा सिलिंडर आणि त्याला झाकणारं दोन ताऱ्यांचं हँडल. तारे सिलिंडरच्या तोंडावर कोरलेले असतात, कागद बघायची गरज नाही, दारापाशी वाकलं की दिसतात. आणि सिलिंडर हँडलच्या पुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये. बसवणाऱ्याकडे योग्य लांबीचा नसला की तो लांब बसवून जातो, तिथेच थांबवावं.

आतल्या बाजूने किल्लीऐवजी हाताने फिरवायची चकती घ्यावी. रात्री आग लागली तर धुरात किल्ली शोधायची वेळ येऊ नये. फक्त दारात काच किंवा लेटरबॉक्स चकतीच्या जवळ नसावा, नाहीतर बाहेरून काठी घालून ती फिरवता येते. गाडीची किल्ली लेटरबॉक्समधून गळाने ओढून नेण्याचे प्रकारही तिथे होतात. टीएस ००८ मानकाचा लेटरबॉक्स त्यासाठीच असतो.

विक्रेता ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ म्हणतो तेव्हा तो १९८९ मध्ये सुरू झालेल्या पोलिसांच्या योजनेबद्दल बोलत असतो, आणि ‘पास २४’ म्हणतो तेव्हा एका चाचणीबद्दल. ऑक्टोबर २०१५ पासून इंग्लंडमधल्या नव्या घरांच्या दारांना त्या चाचणीची पातळी गाठावी लागते. तिच्याविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चाचणी फळीची नसते. फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, सिलिंडर, काच या अख्ख्या जोडणीची असते. हत्यारांनी, धक्क्यांनी, ताण देऊन ती जोडणी तपासतात. कुणी स्वस्तात देतो म्हणून फळी एका कंपनीची आणि चौकट दुसऱ्याची घेतली तर दोन्हीकडची प्रमाणपत्रं हातात असूनही तुमच्या दाराची चाचणी झालेलीच नसते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र इथून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सामायिक जिन्याकडे किंवा बोळाकडे उघडणारं फ्लॅटचं दार हे आगीला अडवणारं दार असावं लागतं, साधारणपणे अर्धा तास. १४ जून २०१७ रोजी पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली आणि ७२ माणसं गेली. तपासात त्या इमारतीतल्या फ्लॅटचं एक दार चाचणीला लावलं. ते अर्धा तास टिकेल अशी अपेक्षा होती. सुमारे पंधरा मिनिटांत ते निकामी झालं. ते कॉम्पोझिट दार होतं. त्यानंतर सरकारने इतर कारखान्यांची अशी दारं तपासली, त्यांतलीही काही नापास झाली, आणि २०१८ मध्ये उत्पादकांनी फ्लॅटसाठीची जीआरपी अग्निरोधक दारं बाजारातून काढून घेतली. सुधारून, आत-बाहेर दोन्ही बाजूंनी तपासून ती परत आणावी लागली. पंधरा मिनिटं आणि तीस मिनिटं यांत काय फरक आहे, ते उंच इमारतीत वरच्या मजल्यावर आईवडिलांना आणि मुलांना घेऊन राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

म्हणून फ्लॅटचं दार स्वतःच्या मनाने बदलायचं नाही. लीजमध्ये बघावं, बहुतेक वेळा दार इमारतीच्या मालकाचं असतं आणि त्याची लेखी परवानगी लागते. नवं दार ‘एफडी३०एस’ दर्जाचं हवं. शेवटचा एस धुरासाठी आहे. त्याच्या कडेला तापल्यावर फुगून फट बुजवणारी पट्टी असते, आणि दार आपोआप बंद करणारा क्लोजर असतो. सामान आणताना अडचण होते म्हणून तो क्लोजर काढून ठेवणारी घरं आहेत. त्या दाराचं मग आगीपुढे काहीच चालत नाही, कारण पळताना ते उघडंच राहतं. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये अकरा मीटरपेक्षा उंच इमारतींतल्या फ्लॅटच्या दारांची वर्षातून एकदा तपासणी करण्याचा प्रयत्न व्हायलाच हवा असा नियम आहे. तपासनीस आला तर दार उघडून द्यावं.

वारसा यादीतल्या घरांना आणि काही संरक्षित भागांतल्या घरांना कॉम्पोझिट दाराची परवानगी सहसा मिळत नाही. तिथे जुनंच लाकडी दार दुरुस्त करून फटी बुजवणं हाच मार्ग, आणि चांगल्या सुताराच्या हाती तो वाईटही नाही.

उंबरठ्याबद्दल विक्रेते आपणहून बोलत नाहीत. नेहमीचा उंबरठा पाणी अडवतो पण पायात येतो. कमी उंचीचा अॅल्युमिनियमचा उंबरठा व्हीलचेअरला आणि गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचा. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील, बाबागाडी, चाकांच्या बॅगा यांचा विचार करून मी कमी उंचीचाच घ्या म्हणेन, पण त्याबरोबर फळीच्या खाली पाणी बाहेर टाकणारी पट्टी हवीच, नाहीतर पश्चिमेचा पाऊस थेट बोळात येतो.

पैशांचे व्यवहारही जपून करावेत. आधी चार हजार सांगून ‘आज सही केली तर’ बावीसशे, ही पद्धत तिथे फार जुनी आहे; त्या दिवशी सही करू नये, भाव दुसऱ्या दिवशीही तोच मिळतो. घरी येऊन केलेल्या विक्रीला एरवी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो, पण तुमच्या मापाने बनवलेल्या दाराला तो लागू होत नाही. अनामत रक्कम, थोडीशी का होईना, क्रेडिट कार्डाने भरावी. दाराची किंमत शंभर पौंडांच्या वर आणि तीस हजारांच्या आत असेल तर १९७४ च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५ नुसार बँकही त्या व्यवहाराला जबाबदार ठरते, आणि दुकान मधेच बंद पडलं तर हा मोठा आधार ठरतो. हमीच्या कागदावर ‘दहा वर्षं’ मोठ्या अक्षरांत असतं; कुलूप, हँडल आणि काचेची मुदत वेगळी आणि कमी असते, ती खालच्या ओळींत शोधावी.

उत्तम दार वाईट बसवलं तर ते वाईटच दार. बसवण्याच्या दिवशी घरी थांबावं. चौकट भिंतीत स्क्रूने पक्की झाली पाहिजे, नुसत्या फोमवर टेकलेली नको. काम झाल्यावर दार अर्धं उघडून हात सोडावा. ते आपण होऊन पुढे-मागे सरकलं तर चौकट ओळंब्यात नाही. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावावं आणि ओढून पाहावी, चारही बाजूंनी, कोपऱ्यांत विशेष. जिथे पट्टी सहज सुटते तिथून वारा येणार. हँडल एका हाताने, जोर न लावता वर गेलं पाहिजे; लावावा लागला तर आकडे खाचांशी जुळलेले नाहीत आणि कुलपाची यंत्रणा वर्षा-दोन वर्षांत मोडेल. बिजागऱ्यांत स्क्रूने फिरवून फळी वर-खाली आणि आजूबाजूला सरकवायची सोय असते, त्यामुळे हे सगळं त्याच दिवशी, दहा मिनिटांत दुरुस्त होतं. सगळ्या किल्ल्या लावून पाहाव्यात, आतून आणि बाहेरून, आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.